घोटीभोवतीचा काळा दगड

घोटीला मुद्दाम येणारा माणूस भाताचा व्यापारी तरी असतो, नाहीतर आसपासच्या वाड्यापाड्यांवरून बाजाराला आलेला असतो. बाकीचे सगळे वाटसरू. कळसूबाईला निघालेली मुंबईची पोरं पहाटे इथे उतरून पायथ्याच्या बारी गावची गाडी शोधतात. शिर्डीच्या पालख्या कसारा घाट चढून येतात आणि इथून सिन्नरच्या रस्त्याला वळतात. मुंबई-आग्रा महामार्गावरचे ट्रक तर थांबतही नाहीत. इगतपुरी तालुक्यातलं हे गाव ओळखलं जातं ते भाताच्या गिरण्या आणि तांदळाच्या बाजारासाठी. कलेच्या इतिहासात घोटीचं नाव कुणी घेत नाही.

तरीही इथून फुटणारे रस्ते एकेक करून शेवटापर्यंत गेलं, तर प्रत्येकाच्या टोकाला माणसाच्या हातचं काहीतरी थोर काम उभं आहे. पूर्वेला सिन्नरचं गोंदेश्वर, दक्षिणेला भंडारदऱ्याचं धरण आणि रतनवाडीचं अमृतेश्वर, उत्तरेला त्र्यंबकेश्वर, महामार्गाने पुढे नाशिकची पांडवलेणी, आणि पाठीमागे पश्चिमेला थळ घाटातली, म्हणजेच कसारा घाटातली, रेल्वे. या कामांमधल्या दोन हजार वर्षांत राजे बदलले, धर्म बदलले, बांधायची कारणं बदलली. दगड तोच राहिला, सह्याद्रीचा काळा पाषाण. तो फोडणाऱ्या आणि घडवणाऱ्या माणसांची नावं बहुतेक ठिकाणी नोंदली गेली नाहीत, हेही तसंच राहिलं. देवळाच्या खांबाला आपण शिल्प म्हणतो आणि रेल्वेपुलाच्या खांबाला बांधकाम म्हणून पुढे जातो. घोटीच्या परिसरात ही दोन्ही कामं एकाच दिवसात पाहता येतात, आणि पाहिली की हा भेद फारसा टिकत नाही.

सह्याद्रीचा हा भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वर आलेल्या लाव्ह्याने बनला. लाव्हा एकदाच आला नाही. एक थर पसरला, निवला, त्यावर दुसरा आला. म्हणून घोटीहून कळसूबाईच्या रांगेकडे पाहिलं की डोंगरांवर आडव्या रेघा दिसतात. उभा कातळकडा, मग गवताची उतरण, वर पुन्हा कडा. कडा म्हणजे घट्ट, टणक बेसॉल्ट. उतरण म्हणजे त्यामानाने मऊ, सच्छिद्र किंवा लालसर थर. १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर, असंच थरावर थर चढत गेलेलं आहे.

पाथरवटाला हे थर ओळखता यावे लागतात. टणक थरात छिन्नीची धार लवकर जाते, पण एकदा उठवलेली रेघ शेकडो वर्षं राहते. मऊ थरात काम भराभर होतं आणि पावसाळे ते तितक्याच भराभर पुसून टाकतात. लेणं कुठे खोदायचं, पाण्याचं टाकं कुठे धरायचं, पुलाचा पाया कुठे न्यायचा, सगळं या थरांवर ठरतं. संगमरवराची चकाकी किंवा राजस्थानी वालुकाश्माचा रंग या दगडाजवळ नाही. त्याच्यावरचं कोरीवकाम उठून दिसतं ते सावलीमुळे. खाच जितकी खोल आणि कड जितकी पुढे काढलेली, तितकी सावली गडद. गोंदेश्वराची भिंत सकाळी आठला आणि दुपारी चारला वेगवेगळी दिसते, आणि ती तशी दिसावी हे घडवणाऱ्याने जाणून केलेलं आहे.

आतून मात्र हाच दगड कधी कधी रंगीत निघतो. लाव्हा निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, आणि त्या पोकळ्यांमध्ये पुढे लाखो वर्षांत खनिजांचे स्फटिक वाढले. हिरवट अ‍ॅपोफिलाइट, गुलाबीसर स्टिल्बाइट, पांढऱ्या सुयांचं स्कोलेसाइट. विहीर खणताना किंवा खाणीत सुरुंग लागल्यावर ते अचानक उघडे पडतात. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत ‘गारगोटी’ नावाचं संग्रहालय आहे, ते या स्फटिकांचंच. घोटीहून सिन्नरला जाणाऱ्याने गोंदेश्वराबरोबर तेही पाहावं. एकाच दगडाचं बाहेरून काय झालं आणि आतून काय झालं, हे दोन्ही मग कळतं.

थळ घाट ही फार जुनी वाट. सोपारा बंदरात उतरलेला माल देशावर चढवायचा तर जुन्नर-पैठणकडे नाणेघाट आणि नाशिककडे थळ घाट. घोटी या चढाच्या माथ्याजवळ आहे. या वाटेवरच्या व्यापारातून आलेला पैसा कुठे गेला, याची एक साक्ष नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरात, म्हणजे पांडवलेण्यांत, दगडावरच कोरलेली आहे. तिथल्या २४ लेण्यांपैकी दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३,००० कार्षापण गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले. २,००० वर दरमहा शेकडा एक आणि १,००० वर शेकडा पाऊण असं व्याज, आणि त्या व्याजातून लेण्यातल्या भिक्खूंची वस्त्रं आणि इतर खर्च. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री आपल्या मुलाची थोरवी सांगते. अठराव्या लेण्याच्या दर्शनी भागावर धंभिक नावाच्या गावाने दान दिल्याची नोंद आहे. राजा, राजमाता, जावई, विणकर, एक अख्खं गाव, सगळ्यांची नावं दगडाने जपली. ज्यांनी डोंगराच्या पोटात वरून खाली खोदत जाऊन एवढी दालनं मोकळी केली आणि एकही खांब चुकू दिला नाही, त्यांच्याबद्दल हे लेख बोलत नाहीत.

चुकीला इथे क्षमा नसते. बांधलेल्या भिंतीतला वाकडा दगड काढून दुसरा बसवता येतो. लेण्यात जास्तीचा उडालेला टवका परत लावता येत नाही. इतकी जोखीम अंगावर घेणारा माणूस आपलं नाव लिहायला धजला, अशी उदाहरणं महाराष्ट्रात मोजकीच आहेत. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यात कान्हाचा शिष्य बलक याने हे केलं, एवढ्या अर्थाचा एक छोटा लेख आहे. पितळखोऱ्याच्या यक्षावर तो कान्हदास नावाच्या सोनाराने घडवल्याची नोंद आहे. सोन्याच्या दागिन्यांवर काम करणारा हात दगडाकडे वळला, तो यक्षाच्या हसऱ्या चेहऱ्यात आणि गळ्यातल्या दागिन्यांच्या बारकाव्यात दिसतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराला आपल्या कामाचा अभिमान होता, आणि संधी मिळाली तेव्हा तो त्याने लिहूनही ठेवला. बाकीच्यांना ती संधी मिळाली नाही, एवढाच याचा अर्थ.

गोंदेश्वर बाराव्या शतकातलं, देवगिरीला जाण्याआधी यादवांची राजधानी सिन्नरला होती त्या घराण्याच्या काळातलं. पंचायतन पद्धतीचं हे देऊळ आहे. मधे शंकराचं मुख्य मंदिर, चार कोपऱ्यांना विष्णू, गणपती, पार्वती आणि सूर्य यांची लहान मंदिरं, समोर नंदीमंडप. सगळं एका उंच जोत्यावर आणि भोवती कोट. शिखर भूमिज शैलीचं. या शैलीत शिखराच्या चारी बाजूंच्या मधोमध एक सलग कोरीव पट्टा पायथ्यापासून वरपर्यंत चढत जातो, आणि पट्ट्यांमधल्या कोपऱ्यांत लहान लहान शिखरांच्या ओळी एकीवर एक रचलेल्या असतात. प्रत्येक ओळ खालच्या ओळीहून थोडी लहान. नजर त्या ओळींबरोबर आपोआप वर जाते आणि देऊळ आहे त्याहून उंच वाटतं. दगडाचं वजन काही टनांत, आणि डोळ्यांना भासते ती वर झेपावणारी चढती रांग. घडवणाऱ्यांनी गणित आधी मांडलं होतं, दगड नंतर फोडले. एकेक लहान शिखर खाली जमिनीवर घडवून, मापात आहे हे पाहून, मग वर चढवायचं. एका ओळीतली चूक वरच्या सगळ्या ओळींत वाढत गेली असती.

अमृतेश्वर याच कुळातलं, गोंदेश्वराहून जुनं आणि लहान. शिलाहार राजा झंझ याने बारा शिवालयं बांधली असं ताम्रपट सांगतात, आणि परंपरा अमृतेश्वराला त्यांतलं एक मानते. रतनगडाच्या पायथ्याशी, प्रवरेच्या उगमाजवळ ते उभं आहे. जवळच घडीव दगडांची पुष्करणी आहे, तिच्या चारी बाजूंना मूर्तींसाठी कोरलेले देवळीवजा कोनाडे. पावसाळ्यात अमृतेश्वराच्या गाभाऱ्यात पाणी चढतं आणि पिंडी बुडते. एवढ्या पावसात, एवढ्या आडजागी, नदीच्या उगमाशी इतकं नाजूक काम कुणी करावं, हा प्रश्न आजही तिथे गेलेल्या प्रत्येकाला पडतो. नदी जिथे जन्मते ती जागा नुसती पूजेची नसावी, देखणीही असावी, असं त्या काळच्या माणसाला मनापासून वाटलं असणार. दुसरं कोणतंही उत्तर पटत नाही.

डोंगरी किल्ल्यांवरचं काम कोरीवतेत या देवळांच्या पंक्तीला बसत नाही, पण त्याची बुद्धी निराळी. त्रिंगलवाडीच्या पायथ्याशी जैन लेणं आहे, आणि वर दाराजवळ कातळ कोरून काढलेल्या पायऱ्या आणि मोठा हनुमान. कुलंगच्या माथ्यावर पाण्याच्या टाक्यांची रांग आहे, आणि एका घळीत भिंत घालून पाणी अडवलेलं आहे. ते गोमुखातून बाहेर पडतं. १८१८ नंतर इंग्रजांनी या भागातल्या किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. वाटा मोडल्या, टाकी शाबूत राहिली. अलंग-मदन-कुलंग करायला घोटीहून आंबेवाडीला जाणारे गिर्यारोहक आजही त्याच टाक्यांचं पाणी पितात.

पायऱ्या उडवणाऱ्या राज्यकर्त्यांनीच पुढच्या चाळीस वर्षांत याच डोंगरात एक वाट काढायचं ठरवलं. ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे’ या कंपनीचा कायदा १८४९ साली ब्रिटिश संसदेत मंजूर झाला. जेम्स जॉन बर्कली हा तिशीतला इंजिनिअर १८५० च्या सुरुवातीला मुंबईत उतरला. रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखाली तो तयार झाला होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, तिचं कौतुक सर्वांना माहीत आहे. इंजिनिअरांची खरी चिंता मात्र ठाण्याच्या पुढे होती. कोकण आणि देश यांच्या मधे सह्याद्रीची भिंत, आणि ती ओलांडल्याशिवाय खानदेश-वऱ्हाडचा कापूस बंदराला येणार नव्हता. कंपनीच्या पहिल्या कल्पनेत एकच चढ होता, माळशेज घाटातून. बर्कलीने डोंगर पायाखाली घातला आणि माळशेज सोडला. पुण्याकडे जायला बोर घाट आणि नाशिककडे जायला थळ घाट, असे दोन चढ त्याने निवडले.

थळ घाटाचा चढ सुमारे नऊ मैलांचा. तेवढ्या अंतरात गाडीला ९७२ फूट वर न्यायचं होतं. सर्वात तीव्र भागात ३७ फुटांमागे १ फूट चढ ठेवला गेला. रस्त्यावर हा चढ फारसा जाणवणारही नाही, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, आणि रेल्वेसाठी हा चढ भयंकर आहे. मार्गात १३ बोगदे, ६ उंच पूल, कड्याच्या अंगावर कोरलेल्या कापण्या, दऱ्यांत टाकलेले भराव. एका ठिकाणी वळायला जागाच नव्हती, तिथे उलट-स्थानक केलं; गाडी एका बंद टोकाशी जाऊन थांबे, इंजिन दुसऱ्या बाजूला लागे आणि गाडी उलट दिशेने पुढचा टप्पा चढे. विसाव्या शतकात मार्गात फेरफार करून ते काढून टाकण्यात आलं.

एहेगावचा पूल हे या घाटातलं सर्वात धाडसाचं काम. दरीच्या तळापासून त्याची उंची १८० फुटांहून अधिक, म्हणजे पंधरा-सोळा मजली इमारतीएवढी. आणि हे सगळं काळ्या दारूवर. अल्फ्रेड नोबेलने डायनामाइटचं पेटंट घेतलं १८६७ साली, घाट त्याआधी दोन वर्षं पूर्ण झाला होता. भोकं पाडायची ती पहार आणि घणाने. एकाने पहार धरायची, प्रत्येक घावानंतर ती थोडी फिरवायची, दुसऱ्याने घण घालायचा. भोक हातभर खोल गेलं की दारू ठासायची, वात लावायची आणि पळायचं. टणक थरात एकेका भोकाला दिवस जाई. इगतपुरीच्या माथ्यावर वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणून चार महिने काम जवळजवळ बंद. मजूर शेतीला गावी जात, दसऱ्याच्या सुमारास परत येत, आणि दरडींनी बुजवलेलं आधी मोकळं करून मग पुढचं खोदत. वडारांनी माती आणि दगड वाहिला, बेलदार-पाथरवटांनी दगड घडवला, डोंगरातल्या ठाकर-कोळ्यांपासून घाटाखालच्या कुणबी-महारांपर्यंत हजारो माणसं, बाया आणि पोरं या कामावर राबली. ताप आणि पटकी यांनी घाटातल्या छावण्यांमध्ये माणसं किती सहज मरत, ते जुळ्या बोर घाटाच्या इतिहासात वाचायला मिळतं. तिथल्या कामावर हजारोंनी प्राण गमावले.

कसाऱ्यापर्यंतची रेल्वे आणि माथ्यावरची इगतपुरी ते नाशिक ही रेल्वे, दोन्ही १८६१ सालीच सुरू झाल्या. मधला घाट मात्र अपुरा होता. म्हणजे चार वर्षं घोटीवरून आगगाडी धावत होती आणि तरीही ती मुंबईशी रुळांनी जोडलेली नव्हती. वरच्या बाजूचे रूळ, डबे, इंजिनांचे भाग, सगळं जुन्या घाटरस्त्यानेच वर चढवावं लागलं. प्रवासी कसाऱ्याला उतरे आणि बैलगाडीने किंवा पायी घाट चढून पुन्हा गाडीत बसे. १ जानेवारी १८६५ रोजी घाट खुला झाला आणि हा तुटलेला दुवा जुळला. बर्कलीला ते पाहायला मिळालं नाही. प्रकृती ढासळल्याने तो १८६१ मध्ये मायदेशी परतला आणि पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १८६२ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी वारला. त्याचं नाव तरी राहिलं. एहेगावच्या खांबांचे दगड ज्यांनी घडवून बसवले, त्यांची गत लेणी खोदणाऱ्यांसारखीच झाली. ते खांब जवळून पाहावेत. दगडांचे थर सरळ, सांधे घट्ट, कोपरे धारदार. गोंदेश्वराच्या जोत्याचं आणि या खांबांचं घराणं एकच आहे.

या रुळांनी पुढे जे वाहून नेलं त्यात नुसता कापूस नव्हता. १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जुळला आणि ती बातमी जगभर गेली. दोनच वर्षांनी झ्यूल व्हेर्नने ‘ऐंशी दिवसांत जगाची फेरी’ लिहिली. तिचा नायक फिलिअस फॉग रात्री आठला मुंबईहून निघतो, त्याची गाडी रात्रीतच डोंगर मागे टाकते, नाशिक ओलांडते आणि सकाळी खानदेशच्या सपाटीवर येते. म्हणजे कादंबरीतला हा प्रवासी घोटीवरून गेला, पण अंधारात. व्हेर्नने घाट कधी पाहिला नव्हता. बातम्या आणि वेळापत्रकं वाचून त्याने जग जोडलं. एका कादंबरीकाराची कल्पना ज्यावर उभी राहिली, त्या साखळीतला सर्वात अवघड दुवा थळ आणि बोर घाटांत बसवला गेला होता.

त्याच वर्षी, १८७२ मध्ये, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला गेले. भिंतींवरची चित्रं नाहीशी व्हायच्या आत त्यांच्या हुबेहूब नकला करायच्या, हे काम १८८५ पर्यंत चाललं. पेस्तनजी बोमनजी हे पुढे नावाजलेले चित्रकार या तुकडीत होते. मुंबईहून खानदेशात जायची रेल्वे हीच, त्यामुळे ही मुलं रंग, कॅनव्हास आणि घड्या घातलेले कागद घेऊन याच घाटाने चढली असणार. लंडनला पाठवलेल्या त्या चित्रांपैकी बरीच १८८५ च्या आगीत जळाली. जी उरली त्यांवरून ग्रिफिथ्स यांचा मोठा ग्रंथ निघाला, आणि दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचे चित्रकार कोणत्या दर्जाचे होते ते जगाला कळलं. लेणी तिथे होतीच. ती पाहायला जायची वाट या रेल्वेने मोकळी केली.

अजिंठ्याचं काम संपलं त्या १८८५ साली जे. जे. मध्ये त्र्यंबकेश्वरचा एक पंधरा वर्षांचा मुलगा दाखल झाला. धुंडिराज गोविंद फाळके. जन्म ३० एप्रिल १८७०. ज्या गावात तो वाढला तिथलं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये बांधायला घेतलं आणि ते १७८६ मध्ये पुरं झालं. अख्खं काळ्या पाषाणाचं. पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकून १९०३ मध्ये फाळके पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि नक्षाकार म्हणून लागले. ‘राजा हरिश्चंद्र’ची गोष्ट मराठी घरांत पाठ आहे, पण ही नोकरी फारशी कुणाच्या लक्षात नसते. जुन्या दगडी वास्तूंवर उजेड कधी आणि कसा पडतो, कोणत्या कोनातून शिल्प जिवंत होतं, हे पाहणं हा तेव्हा त्यांचा रोजचा धंदा होता. पौराणिक चित्रपटांतली त्यांची दृश्यरचना पाहताना ही तालीम आठवावी.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्याच वर्षी फाळक्यांनी मुंबई सोडली आणि आपला कारखाना नाशिकला आणला. ‘मोहिनी भस्मासुर’ तिथे झाला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या, आणि स्त्रीची भूमिका पुरुषाने करायची सक्ती भारतीय चित्रपटाच्या पहिल्याच वर्षात मोडली. मोठ्या चित्रपटांबरोबर फाळके लघुपटही काढत. त्यांतल्या एकाचं नाव ‘नाशिक-त्र्यंबक येथील देखावे’. राजाराणी नाहीत, चमत्कार नाहीत. आपल्या गावचे डोंगर, देऊळ, घाट हेच पडद्यावर दाखवण्याजोगे आहेत, असं त्या माणसाला वाटलं. ज्याने येशूचा चित्रपट पाहून राम-कृष्ण पडद्यावर आणायचा ध्यास घेतला, त्याच नजरेने त्र्यंबकही पाहिलं.

फाळके नाशिकला चित्रपट काढत होते तेव्हा घोटीच्या दक्षिणेला, प्रवरेवर, दगडांचं आणखी एक प्रचंड काम चालू होतं. भंडारदरा धरण १९१० मध्ये सुरू झालं आणि डिसेंबर १९२६ मध्ये गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. विल्सन डॅम हे नाव त्यांचंच. उंची सुमारे ८२ मीटर, लांबी अर्ध्या किलोमीटरहून थोडी जास्त, आणि सगळी भिंत दगड आणि चुन्याची. साठा सुमारे ११ अब्ज घनफूट. अहमदनगर जिल्ह्याच्या कोरड्या भागात या पाण्याने ऊस उभा केला, आणि त्या उसावर पुढे विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभारला. १९६९ मध्ये भिंतीत भेगा दिसल्या तेव्हा आधार देऊन ती मजबूत करण्यात आली. पावसाळ्यात धरणातून सुटलेलं पाणी एका गोल खडकावरून छत्रीसारखं पसरत खाली येतं. लोक तो ‘अंब्रेला फॉल’ पाहायला गर्दी करतात, त्याचे फोटो काढतात. मागच्या भिंतीकडे पाहणारे थोडे. खरं तर छत्री देखणी झाली आहे ती भिंतीमुळे.

सर लेस्ली विल्सन यांचं नाव या परिसरात एका यंत्रालाही मिळालं. थळ घाटाचं विद्युतीकरण १९३० पर्यंत इगतपुरीला पोचलं. त्यासाठी स्वित्झर्लंडच्या डोंगरी रेल्वेचा अनुभव असलेल्या कारखान्याने खास इंजिनं रचली. लांबट नाकाची, चाकांना दांडे जोडलेली ती इंजिनं १९२८ पासून यायला लागली, आणि रेल्वेतल्या माणसांनी त्यांचं बारसं केलं: ‘खेकडा’. त्यांतल्या एकावर ‘सर लेस्ली विल्सन’ असं नाव होतं. उभ्या इंजिनाचा कण्हल्यासारखा आवाज आणि चालताना दांड्यांची सळसळ, हे घाटातल्या कामगारांनी कित्येक दशकं ऐकलं. नंतर इगतपुरीला आणखी एक काम वाढलं. मुंबईकडची वीज एका प्रकारची आणि पुढची दुसऱ्या प्रकारची, म्हणून प्रत्येक गाडीचं इंजिन इथे बदलावं लागे. या शतकाच्या सुरुवातीला मुंबईकडचे मार्ग टप्प्याटप्प्याने बदलले आणि ते संपलं.

दगडावरचा हात मात्र पातळ होत गेला. क्रशर आले, काँक्रीट आलं, घडीव दगडाची जागा खडीने घेतली. वडार समाज आज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे आणि बेलदार भटक्या जमातींच्या. ज्यांच्या पूर्वजांनी घाट, धरणं आणि पूल उभे केले त्यांना कित्येक पिढ्या स्वतःचं घर मिळालं नाही. या समाजांतल्या बाया पाटे-वरवंटे, जाती, खलबत्ते विकत आणि पाट्याला टाकी लावायची का, असं विचारत दारोदार फिरत, हे साठीतल्या कुणालाही आठवेल. गुळगुळीत झालेल्या पाट्यावर मसाला वाटला जात नाही. त्याला पुन्हा खरखरीतपणा आणायचा तो टाकीच्या हलक्या, सारख्या अंतरावरच्या ठोक्यांनी. एवढ्याशा कामातही ठोका चुकला तर पाटा फुटे. लेण्यातल्या खांबाला लागणारी हुशारी या दोन रुपयांच्या कामात होती, आणि तिचं मोल मात्र कायम दोन रुपयेच राहिलं. या माणसांच्या कामाची गणना महाराष्ट्राच्या कलेच्या इतिहासात व्हायला हवी, रस्ते-धरणांच्या प्रकरणातल्या तळटीपेत नव्हे.

सह्याद्री ओलांडायची सर्वात नवी वाट याच तालुक्यातून गेली. समृद्धी महामार्ग आधी शिर्डीहून भरवीरपर्यंत आला, मार्च २०२४ मध्ये इगतपुरीपर्यंत, आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. या टप्प्यात इगतपुरीजवळ ७.७८ किलोमीटरचा जुळा बोगदा आहे, खुला झाला तेव्हा राज्यातला सर्वात लांब रस्ता-बोगदा. पहार धरणाऱ्या हाताच्या जागी आता छिद्रं पाडणारी प्रचंड यंत्रं आहेत, आणि स्फोट कुठे किती करायचा ते संगणकावर ठरतं. दगड मात्र तेच थर घेऊन समोर आला, आणि अभियंत्यांना पुन्हा तोच प्रश्न सोडवावा लागला, टणक थर कुठे संपतो आणि मऊ थर कुठे लागतो. बोगद्याच्या आत गाडीतून हे काही दिसत नाही. भिंतींवर काँक्रीटचं अस्तर आहे.

जुना घाट त्याच्या बाजूला चालूच आहे. कसाऱ्याला मालगाडी आली की तिच्या मागे बँकर लागतात, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, आणि पुढचं इंजिन ओढतं, मागची रेटतात, अशी ती बोगद्यांतून वर येते. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक निकामी झाले तर तिला अडवायला वर चढत जाणारे आडमार्ग ठेवलेले आहेत. इगतपुरीला बँकर सुटतात आणि रिकामे परत कसाऱ्याला जातात, दिवसरात्र. ३७ फुटांमागे १ फूट हा १८६५ चा चढ अजून तेवढाच आहे.